मासे साक्षीला होते : नॉर्वेच्या नद्या, आंबट पाऊस आणि ॲल्युमिनियम

या मालिकेत आपण आतापर्यंत इतिहासाची साधनं म्हणून कागदपत्रं, नाणी, शिलालेख, बखरी बघितल्या. आजचं साधन वेगळं आहे. आज साक्षीदार म्हणून आम्ही मासे आणले आहेत, तेही मेलेले. आणि खटला असा आहे : एका देशातल्या नदीत मासे मरतात, संशय जातो तो समुद्रापलीकडच्या दुसऱ्या देशातल्या धुराड्यांवर. मधे शेकडो किलोमीटरचं अंतर. गुन्हा सिद्ध कसा करायचा? हे सिद्ध व्हायला साठेक वर्षं लागली. ती का लागली, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. नॉर्वेचा दक्षिण टोकाकडचा प्रदेश, सोरलांद. खाली ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे अतिशय कठीण, सावकाश झिजणारे खडक. वर मातीचा पातळ थर. चुना जवळजवळ नाहीच. अशा खडकावरून वाहणारं पाणी अत्यंत मऊ असतं, म्हणजे त्यात क्षार फार कमी. तोवदाल, मांदाल अशा तिथल्या नद्या सॅमनसाठी नावाजलेल्या होत्या. सॅमनचं आयुष्य तुम्हाला ठाऊक असेल : अंडी नदीत, बालपण नदीत, मग काही वर्षं समुद्रात, आणि प्रजननासाठी पुन्हा त्याच नदीत परत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे श्रीमंत लोक गळ घेऊन नॉर्वेच्या नद्यांवर उन्हाळा काढायला यायचे. सॅमन हा शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा भाग होता, म्हणून किती मासा पकडला याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारदरबारी ठेवल्या गेल्या. या नोंदी पुढे फार कामाला आल्या, ते लक्षात ठेवा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दक्षिणेकडच्या काही नद्यांत सॅमन घटायला लागला. काही वसंतांत मेलेले मासे तरंगताना दिसले. मत्स्यबीज केंद्रांमधली अंडी आणि पिल्लं मरायला लागली. १९२० च्या दशकात क्नूत दाल या नॉर्वेजियन मत्स्यशास्त्रज्ञानं सांगितलं की पाणी आंबट झालंय, म्हणून हे होतंय. यावर उपायही निघाला. केंद्रात येणारं पाणी चुनखडीच्या खड्यांमधून गाळून घ्यायचं. पिल्लं जगायला लागली. काम भागलं! पण पाण्यात आंबटपणा आला कुठून, हा प्रश्न कोणी लावून धरला नाही. आम्हाला वाटतं, या गोष्टीतला पहिला धडा इथेच आहे. उपाय सापडला की कारण शोधायची निकड संपते.

आता थोडं विज्ञान, घाबरू नका. आपल्याकडे माती परीक्षणाचा अहवाल येतो, त्यात ‘सामू’ लिहिलेला असतो, म्हणजेच पीएच. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. ही मोजपट्टी साधी नाही. एक अंक खाली आला की आम्लता दहापट वाढते, दोन अंक खाली आला की शंभरपट. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्ल असतो, सामू साधारण ५.६. दक्षिण नॉर्वेत १९७० च्या दशकात पडणाऱ्या पावसाचा सरासरी सामू होता ४.३ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ वीसपट आंबट.

कोळशात आणि जड तेलात गंधक असतो. तो जळला की सल्फर डायऑक्साइड होतो, हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं, आणि ते पावसाबरोबर खाली येतं. हे ज्ञान नवं नव्हतं. रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या रसायनज्ञानं १८५२ मध्येच मँचेस्टरच्या पावसातल्या आम्लाबद्दल लिहिलं होतं, आणि १८७२ च्या आपल्या ग्रंथात ‘आम्लपाऊस’ या अर्थाचा शब्दही वापरला होता. पण तो समजला गेला शहराचा प्रश्न. जिथे धूर, तिथे पाऊस आंबट, तिथेच भिंती काळ्या.

मग १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुराचं जीवघेणं धुकं पसरलं, हजारो माणसं दगावली. १९५६ मध्ये ब्रिटननं स्वच्छ हवेचा कायदा केला. घरोघरच्या शेगड्यांचा धूर कमी झाला. वीज मात्र शहराबाहेरच्या मोठमोठ्या केंद्रांत तयार व्हायला लागली आणि त्यांची धुराडी उंच उंच होत गेली. ड्रॅक्सच्या वीजकेंद्राचं धुराडं २५९ मीटर उंचीचं आहे. उंच धुराड्याचा हेतू चांगलाच होता, की आसपासच्या गावाला त्रास नको. आणि तो त्रास कमी झालाही. पण वर सोडलेला गंधक नाहीसा होत नाही. तो लांब जातो एवढंच. इंग्लंडवरचं वारं बहुतेक नैऋत्येकडून वाहतं. त्या वाऱ्याच्या वाटेवर नॉर्वे आहे.

१९५९ मध्ये आल्फ दान्नेविग या नॉर्वेच्या मत्स्यसंशोधकानं शिकारी-मच्छीमारांच्या एका मासिकात लेख लिहिला, की मासे जाण्याचं कारण आम्लपाऊस असावं. मासिक लहान, लेख लहान; फारसं काही हललं नाही. १९६७ मध्ये शेजारच्या स्वीडनमध्ये स्वान्ते ओदेन या मृदाशास्त्रज्ञानं मात्र थेट स्टॉकहोमच्या मोठ्या वर्तमानपत्रात लिहिलं. त्यानं पावसाच्या मोजणीची जुनी आकडेवारी, वाऱ्यांच्या दिशा आणि तळ्यांची आम्लता एकत्र जोडली. युरोपातले देश एकमेकांविरुद्ध जणू रासायनिक युद्ध चालवताहेत, अशी भाषा त्यानं वापरली. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची पहिली संयुक्त राष्ट्र परिषद भरली. आपल्याकडे ती आठवते इंदिरा गांधींच्या भाषणामुळे. गरिबी आणि प्रदूषण यांच्या नात्याबद्दल त्या तिथे बोलल्या होत्या. पण यजमान स्वीडनसाठी त्या परिषदेत आणखी एक महत्त्वाचा कागद होता : सीमा ओलांडणाऱ्या हवेच्या प्रदूषणावरचा अहवाल. म्हणजे तुमचा धूर, आमची तळी. ब्रिटनसह अनेक देशांचं उत्तर होतं, पुरावा दाखवा.

आणि खरं सांगायचं तर हे उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. पुरावा अपुराच होता. म्हणून नॉर्वेनं १९७२ मध्ये आठ वर्षांचा मोठा संशोधन प्रकल्प हाती घेतला. जुन्या सॅमनच्या नोंदी बाहेर निघाल्या. दक्षिणेकडच्या सात आम्ल नद्या आणि उरलेल्या नॉर्वेतल्या ६८ नद्या अशी तुलना केली गेली. शतकाच्या सुरुवातीला दोन्हीकडे मासा चांगला. नंतर ६८ नद्यांमध्ये पकड वरखाली होत राहिली, पण टिकून राहिली. सात नद्यांमधली पकड घसरत घसरत १९७० च्या सुमारास जवळजवळ शून्यावर आली. समुद्र दोन्हीकडच्या माशांना एकच होता. समुद्रातली मासेमारी जबाबदार असती तर ६८ नद्याही रिकाम्या झाल्या असत्या. ज्या कारकुनांनी एके काळी निव्वळ हिशोबासाठी या नोंदी लिहिल्या, त्यांना कल्पनाही नसेल की आपण पुरावा लिहून ठेवतोय.

१९७५ चा वसंत. तोवदाल नदीत बर्फ वितळायला लागलं आणि अनेक किलोमीटरच्या पट्ट्यात ट्राउट मासे मरून पडले. हिवाळाभर बर्फात आम्ल साठत राहतं. बर्फ वितळताना ते सारखं बाहेर येत नाही, पहिल्या पहिल्या पाण्यातच त्याचा मोठा वाटा येतो. म्हणजे वर्षाची सरासरी बघितली तर पाणी बरं वाटेल, पण माशाला सरासरीत जगायचं नसतं, त्याला तो आठवडा काढायचा असतो. लाइवेस्ताद आणि मुनिझ या शास्त्रज्ञांनी तिथल्या मरायला टेकलेल्या माशांचं रक्त तपासलं. रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड, सोप्या भाषेत मीठ, भयंकर कमी झालेलं होतं.

हे नीट समजून घेऊ. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात मीठ जास्त, बाहेर पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे मीठ सतत बाहेर झिरपू बघतं. मासा ते कल्ल्यांमधून परत आत ओढत राहतो. कल्ला म्हणजे नुसतं फुप्फुस नाही, ते मूत्रपिंडाचंही अर्धं काम करतं. पाणी आम्ल झालं की दोन गोष्टी होतात : मीठ आत ओढणारी यंत्रणा मंदावते, आणि कल्ल्यातल्या पेशींमधले सांधे सैल होऊन मीठ गळायला लागतं. हे सांधे घट्ट ठेवायचं काम पाण्यातलं कॅल्शियम करतं. सोरलांदच्या पाण्यात तेच कमी. म्हणून तिथला मासा दुप्पट अडचणीत.

पण हिशोब अजून जुळत नव्हता. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात आम्ल घालून तेवढाच सामू केला, तर मासे तग धरायचे. नदीच्या पाण्यात, त्याच सामूला, मरायचे. नदीत आणखी काहीतरी होतं. हे ‘आणखी काहीतरी’ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडन, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या अॅडिरॉन्डॅक डोंगराळ भागातल्या संशोधनातून पुढे आलं. ते होतं ॲल्युमिनियम.

आता तुम्ही म्हणाल, ॲल्युमिनियम कारखान्यातून आलं का? नाही, ते मातीतलंच. पृथ्वीच्या कवचात सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे, सगळ्या धातूंमध्ये सर्वात जास्त. पण ते मातीत आणि खडकात पक्कं बांधलेलं असतं, उदासीन पाण्यात विरघळत नाही. आपल्या आज्या सांगायच्या ना, आंबट ताक पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कळकतं. भांडं तेच, ज्यात रोज पाणी ठेवता. आंबट पडलं की धातू सुटतो. म्हणून तर कल्हई. डोंगरउतारांवर नेमकं हेच झालं. शंभर वर्षं आंबट पाऊस पडत राहिला. आधी मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन गेलं, म्हणजे कल्हई उडाली. मग उघडं पडलेलं ॲल्युमिनियम सुटलं आणि ओढ्यात उतरलं. डोंगर कळकला.

आणि कल्ल्यावर ते काय करतं? गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, त्याचा भार धन, मातीच्या कणांचा ऋण, म्हणून कण त्याला चिकटतात आणि खाली बसतात. कल्ल्यांच्या पृष्ठभागावरही ऋण भार असतो. तिथेही ॲल्युमिनियम चिकटतं. त्यात कल्ल्यालगतचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा थोडं कमी आम्ल असतं, कारण मासा तिथून अमोनिया बाहेर टाकतो. त्यामुळे विरघळलेलं ॲल्युमिनियम नेमकं तिथेच साका धरतं. मासा बचावासाठी चिकट स्राव सोडतो, कल्ल्यांवर बुळबुळीत थर साचतो, प्राणवायू मिळेना होतो. पाणी स्वच्छ, नितळ, प्राणवायूनं भरलेलं, आणि मासा त्यात गुदमरतोय! आम्लतळी अतिशय सुंदर निळी-नितळ दिसतात, पर्यटक त्यांचे फोटो काढतात. दिसण्यावर जाऊ नका, एवढंच.

सॅमनची गोष्ट आणखी नाजूक. पिल्लं समुद्राकडे निघायच्या बेतात असतात, तेव्हा त्यांच्या कल्ल्यांमध्ये मोठा बदल चालू असतो, गोड्या पाण्याचा कल्ला खाऱ्या पाण्याचा होत असतो. त्या काळात थोडंसं ॲल्युमिनियमही तो बदल बिघडवतं. पिल्लू नदीत मरत नाही. ते समुद्रात जातं आणि तिथे मरतं. नदीत प्रेत सापडत नाही.

तरी वाद संपला नाही. ओस्लो विद्यापीठातले भूवैज्ञानिक इव्हान रोझेनक्विस्त यांनी १९७७ मध्ये पुस्तक लिहून मांडलं की दोष पावसाचा नसून जमिनीच्या वापराचा आहे. डोंगरातली शेती आणि चराई बंद पडली, झाडोरा वाढला, त्यामुळे माती आम्ल झाली. बाजू चुकीची ठरली म्हणून आम्ही त्यांना खलनायक करणार नाही. झाडोरा वाढला की माती काही प्रमाणात आम्ल होते, हे खरंच आहे. त्यांच्या आक्षेपामुळे बाकीच्यांना नीट प्रयोग करावे लागले.

ते प्रयोग ऐकण्यासारखे आहेत. पहिला तळ्याच्या गाळातला. डायटम म्हणजे सूक्ष्म शैवाल. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, कुजत नाही. कोणती जात किती आम्ल पाण्यात राहते, हे माहीत असतं. तळाचा गाळ थराथरानं काढला की सामूचा इतिहास वाचता येतो, अगदी दफ्तरासारखा. लंडनच्या रिचर्ड बॅटरबी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या गॅलोवे भागातल्या तळ्यांचे गाळ वाचले. हजारो वर्षं जवळजवळ स्थिर असलेला सामू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घसरायला लागतो. जिथे झाडं लावलेली नाहीत, शेती बदललेली नाही, तिथेही. आणि त्याच थरांत कोळशाच्या काजळीचे कण सापडायला लागतात. ही तळी ब्रिटनमधलीच होती, हे विसरू नका.

दुसरा प्रयोग नॉर्वेत, १९८४ पासून, रिसदाल्सहेइया इथे. तिथल्या संशोधकांनी चक्क ८६० चौरस मीटरच्या डोंगरउतारावर पारदर्शक छप्पर घातलं. आंबट पाऊस छपरावर झेलायचा आणि छपराखाली स्वच्छ केलेलं पाणी फवारायचं. शेजारी दुसरं छप्पर, त्याखाली मात्र तोच आंबट पाऊस पुन्हा सोडायचा, म्हणजे छपराचाच काही परिणाम असेल तर कळेल. झाडोरा तोच, माती तीच. पहिल्या छपराखालच्या पाण्यातलं सल्फेट काही वर्षांत स्पष्ट उतरलं. आणि पश्चिमेकडे सोग्नदाल इथे एका निर्मळ उतारावर उलट आम्ल शिंपडलं, तिथलं पाणी आम्ल झालं. रोझेनक्विस्त यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

याच काळात कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी ‘सरोवर २२३’ हे अख्खं तळं १९७६ पासून मुद्दाम, हळूहळू आम्ल केलं. सामू ६ च्या थोडा खाली आला तेव्हाच एक झिंग्यासारखा जीव आणि एक लहान मासा नाहीसा होऊ लागला. मोठा ट्राउट मासा मात्र ठीक दिसत होता. सामू ५ वर गेला तोवर त्या ट्राउटची नवी पिल्लं येणं थांबलं होतं आणि म्हातारे मासे खाणं नसल्यामुळे काटकुळे झाले होते. म्हणजे मासे मेलेले दिसेपर्यंत थांबलात, तर फार उशीर झालेला असतो.

आता निकाल. १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला. १९८५ मध्ये हेलसिंकीत अनेक देशांनी गंधकाचं उत्सर्जन ३० टक्के कमी करण्याचं वचन दिलं. ब्रिटननं सही केली नाही. पण ब्रिटनच्याच वीज आणि कोळसा मंडळांनी पैसा दिलेलं, रॉयल सोसायटी आणि नॉर्वे-स्वीडनच्या अकादमींनी चालवलेलं संशोधन सुरू होतं, आणि ते दुसरं काही सांगेना. सप्टेंबर १९८६ मध्ये ब्रिटिश वीज मंडळानं ६००० मेगावॉट क्षमतेच्या केंद्रांवर गंधक काढणारी यंत्रं बसवण्याचं जाहीर केलं. दान्नेविगच्या लेखाला तेव्हा २७ वर्षं झाली होती. युरोपातलं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन १९८० च्या तुलनेत २०१० पर्यंत तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं. अलीकडच्या इतिहासातलं हे मोठं यश आहे, आणि ते करारांनी मिळवलं, चमत्कारानं नव्हे.

पण मासे? तोवदालमधला मूळचा सॅमन संपला होता. नॉर्वेनं नद्यांमध्ये चुनखडीची पूड सोडायला सुरुवात केली, औद्ना नदीत १९८५ पासून, तोवदालमध्ये १९९६ पासून. १९२० च्या दशकातलाच उपाय, आता अख्ख्या नदीला. यातही एक फसगत होती. चुना घातलेल्या नदीला जिथे आम्ल ओढा येऊन मिळतो, तिथे काही अंतरापर्यंत पाणी मूळ आम्ल पाण्याहूनही विषारी ठरतं, कारण सामू वर चढताना ॲल्युमिनियम घट्ट व्हायला लागतं आणि ते कल्ल्यांवर जमतं. हे कळल्यावर चुना सोडण्याच्या जागा ठरवताना हा पट्टा विचारात घ्यावा लागला. सॅमन परतला, पण इतर नद्यांमधल्या वंशाचा. हजारो वर्षं त्या एका नदीला सरावलेला वंश गेला तो गेलाच. आणि पाऊस स्वच्छ झाला तरी चुना आजही घालावा लागतो. मातीतून धुऊन गेलेलं कॅल्शियम खडक झिजून परत यायला कित्येक दशकं लागतात.

शेवटी आपल्याकडे वळू. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. त्यामुळे आपल्या नद्या बहुतेक विम्ल बाजूला आहेत. आपल्याकडे मासे मरतात ते बहुधा सांडपाण्यानं प्राणवायू संपल्यामुळे. ते दुखणं वेगळं आहे, त्याला नॉर्वेचं औषध लागू नाही. पण कोकणच्या जांभ्याची गोष्ट वेगळी आहे : तिथली माती मुळातच आम्ल, चुना कमी, आणि ॲल्युमिनियम इतकं की बॉक्साइटच्या खाणी आहेत. आणि मेघालयात तर हे घडून गेलंय. जैंतिया टेकड्यांमधल्या गंधकयुक्त कोळशाच्या उंदीरबिळांसारख्या खाणींतून येणाऱ्या पाण्यानं काही ओढ्यांचा सामू ४ च्याही खाली गेला, त्यांत मासे उरले नाहीत. लुखा नदी हिवाळ्यात निळीशार दिसायला लागली. २०१४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं त्या खाणकामावर बंदी घातली. तिथे धुराडं परदेशात नव्हतं, खाण नदीच्या उशालाच होती. तरीही वर्षं गेलीच.

प्रश्नोत्तरांआधी एकच सांगतो. नॉर्वेचा खटला जिंकला गेला तो कोणा एका थोर शास्त्रज्ञामुळे नाही. कुणीतरी शंभर वर्षं दर हंगामाला किती मासा मिळाला ते लिहून ठेवलं, म्हणून. आपल्या नद्यांवरचे भोई, कोळी यांना कोणता मासा कधीपासून दिसेनासा झाला हे तोंडपाठ असतं. ते कुठे लिहिलेलं असतं का? तुमच्या गावच्या नदीपुरतं तरी ते विचारून, तारीख घालून लिहून ठेवा. उद्या कोणी पुरावा मागेल. तेव्हा तो नव्यानं तयार करता येत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.